कमरेच्या उंचीवरची घरटी

मार्जरी केसलर पडली ती अंडी गोळा करताना. एप्रिल लागला होता, पण पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात एप्रिलमध्येही सकाळी चिखलावर बर्फाचा पापुद्रा असतो. खुराड्यात शिरायचं, गुडघ्यांवर बसायचं, जमिनीलगतच्या लाकडी खोक्यांमध्ये हात घालून अंडी काढायची आणि भिंतीला धरून उठायचं, असं ती कित्येक वर्षं करत आली होती. त्या दिवशी उठताना पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं.

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या रेणूने खिडकीतून पाहिलं तर खुराड्याचं दार सताड उघडं आणि कोंबड्या अंगणभर मोकाट. मार्ज दार असं कधीच टाकायची नाही. रेणूने तीन महिन्यांच्या केयाला शालीत गुंडाळलं, छातीशी धरलं आणि ती जिना उतरून धावत गेली.

मार्ज चिखलात आडवी पडली होती. ओठ पांढरे पडले होते, पण आवाज ठाम होता.

"अँब्युलन्स बोलाव. आणि त्याआधी फाटक लाव. बर्निस रस्त्यावर जाते."

बर्निस म्हणजे तांबडी कोंबडी. मार्जने आपल्या सगळ्या कोंबड्यांना चर्चमध्ये तिच्यासोबत गाणाऱ्या बायकांची नावं दिली होती. त्या बायकांना ते माहीत होतं की नाही, हे रेणूने कधी विचारलं नव्हतं.

अँब्युलन्स आली, मार्जला घेऊन गेली आणि घर एकदम सुनं झालं. रेणू पायरीवर बसली. तिला आईची आठवण यावी तशी मार्जची आठवण येऊ लागली, आणि मार्ज तर आत्ता डोळ्यांसमोरून गेली होती.

याला कारण होतं. केयाच्या जन्माआधी रेणूची आई अमरावतीहून येणार होती. बॅग भरून तयार होती, मेथीचं पीठ भाजून झालं होतं, आणि व्हिसा नाकारला गेला. का ते कुणी सांगितलं नाही. रेणूचा नवरा निमिष स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या विद्यापीठात पोस्टडॉक करत होता. दिवसभर लॅबमध्ये असायचा. गाडी नव्हती, नातेवाईक नव्हते, आणि रेणूच्या व्हिसावर नोकरीला परवानगी नव्हती, त्यामुळे ऑफिसातल्या चार ओळखीही नव्हत्या. जानेवारीत भर बर्फवृष्टीत कळा सुरू झाल्या तेव्हा बस बंद होत्या आणि टॅक्सीवाले फोन उचलत नव्हते. निमिष खाली जाऊन मार्जच्या दारावर थापा मारू लागला.

मार्जने आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. तिने बूट चढवले, गेलेल्या नवऱ्याच्या, वॉल्टरच्या वेळचा जुना पिकअप ट्रक काढला, रेणूला मधे बसवलं आणि म्हणाली, "बर्फाला घाबरायचं नसतं. फक्त घाई करायची नसते." पुढचं काही दिसत नव्हतं. निमिष डोळे मिटून बसला होता. मार्ज मात्र शाळेच्या मुलांना सोडायला निघाल्यासारखी सावकाश, गुणगुणत गाडी चालवत होती.

आणि खरी गोष्ट तर त्यानंतरची. बाळ घरी आलं तशी मार्ज रोज सकाळी जिना चढून वर यायची. केयाला मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, "तू झोप. मी बसलेय." अमरावतीहून आई फोनवर सांगायची, रेणू इंग्रजीत समजावायची आणि मार्ज चष्मा लावून मऊ भातावर तूप-जिऱ्याची फोडणी घालायची. पहिल्यांदा जिरं जाळलं, दुसऱ्यांदा जमलं. अंड्याचं कस्टर्ड ती स्वतःच्या मनाने आणायची. रेणूच्या माहेरी घरात अंडं येत नसे. तिने भीतभीत आईला विचारलं तर आई म्हणाली, "खा गं. एवढ्या मायेने कुणी देतंय, तर मी कोण नको म्हणणारी?"

रेणूने मार्जला कितीदा तरी थँक यू म्हटलं होतं. पण तिथे बसमधून उतरताना ड्रायव्हरलाही सगळे थँक यू म्हणतात. तो शब्द तिला फारच छोटा वाटायचा. दुसरा सापडत नव्हता.

*

मार्जचं ऑपरेशन झालं. शनिवारी तिचा मुलगा ग्लेन पिट्सबर्गहून आला. उंच, थकलेला, सभ्य माणूस. त्याने खुराडं पाहिलं, ती खाली असलेली कुजकी खोकी पाहिली आणि मान हलवली.

"डोंगरापलीकडे एक शेतकरी आहे, तो कोंबड्या घेईल. तीन आठवड्यांनी मी येतो तेव्हा घेऊन जाईन. तोवर तू त्यांना दाणापाणी घालशील का?"

"घालेन की. पण मिस मार्जना सांगितलंत?"

"सांगितलं. काही बोलली नाही." ग्लेनने कपाळ चोळलं. "डॉक्टर म्हणाले, तिने वाकायचं नाही. आणि कोंबड्या असल्या की ती वाकणारच. तुला माहितेय ती कशी आहे."

"वाकावंच लागलं नाही तर?"

हे रेणूच्या तोंडून निघून गेलं. ग्लेनने तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे?"

"म्हणजे… अंडी उभ्याने काढता आली तर? खुराड्यात शिरावंच लागलं नाही तर?"

"तसं करता आलं तर मी कशाला कोंबड्या देईन?" ग्लेन म्हणाला. "पण कोण करणार ते? मला तर खिळाही सरळ ठोकता येत नाही. बाबांनाही यायचा नाही."

"मी बघते," रेणू म्हणाली.

निमिष संध्याकाळी घरी आला आणि त्याने ऐकलं, तेव्हा डब्यातला चमचा तसाच हातात धरून उभा राहिला.

"रेणू, तू कमिट कशाला केलंस? उद्या त्या पडल्या परत, तर? ग्लेन आपल्याला ब्लेम करेल. आणि तुला कोंबड्यांचं काय माहीत?"

"काहीच नाही."

"मग?"

"मला कार्यानुभव माहीत आहे."

हे मात्र खरं होतं. लग्नाआधी रेणू अमरावतीच्या एका शाळेत कार्यानुभवाची शिक्षिका होती. ज्या विषयाच्या तासाला इतर शिक्षक हक्काने गणित घ्यायला मागत, तो विषय. टाकाऊतून टिकाऊ. खराट्याच्या काड्या, रिकामे डबे, जुन्या ट्यूबा, फुटक्या बादल्या. मुलांकडून तिने पुस्तकांच्या मांडण्यांपासून पक्ष्यांच्या पाणवठ्यापर्यंत काय काय करून घेतलं होतं. इथे आल्यापासून तिच्या हातांना तसं काम मिळालं नव्हतं.

निमिषने चमचा खाली ठेवला. "बरं," तो म्हणाला. "ड्रिल मशीन लॅबमधून आणतो. विचारून."

*

पहिले प्रयत्न फसले. जुनी लाकडी खोकी उचलून वर ठेवावीत म्हटलं, तर हात लावताच त्यांचा भुगा झाला. दुधाच्या जाळीदार क्रेट्स आणल्या, पण त्यांना चहूबाजूंनी भोकं. पेंढा गळून जायचा. शिवाय मूळ अडचण तशीच राहत होती. खोकं कितीही उंच ठेवा, अंडं काढायला दार उघडून आत शिरावंच लागणार. वॉकर घेऊन त्या अरुंद दारातून मार्ज जाणार कशी?

उत्तर सापडलं ते हिमानीच्या बाल्कनीत. हिमानी मुंबईची, कीटकशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि मॉली नावाच्या अमेरिकन मुलीबरोबर अपार्टमेंट शेअर करत होती. रेणू केयाला घेऊन तिच्याकडे चहाला गेली तर बाल्कनीत चौकोनी प्लास्टिकच्या बादल्यांची चळत. प्रत्येक बादलीला बिजागरीचं झाकण.

"हे काय गं?"

"मॉलीच्या मांजरींची शी-शूची वाळू येते त्यातून. संपली की बादली इथे. फेकवत नाही तिला, आणि आता मला बाल्कनीत उभं राहायला जागा नाही यार."

रेणूने एक बादली उचलली. आडवी केली. झाकण उघडलं, सोडलं. ते आपल्याच वजनाने खाली आलं आणि टक्कन बंद झालं. तिने पुन्हा उघडलं. पुन्हा सोडलं.

"रेणू? काय झालं?"

"हिमानी, ही आडवी ठेवायची. तळ कापायचा, तिकडून कोंबडी आत शिरेल. आणि झाकण इकडे, भिंतीच्या बाहेर. बाहेर उभं राहायचं, झाकण उचलायचं आणि अंडं घ्यायचं. बस्स!"

हिमानीने क्षणभर विचार केला. "आणि मॉलीला वाटेल तिच्या बादल्यांचं सोनं झालं. घे सगळ्या. आत्ताच घे. मी येते सोडायला."

त्या दिवशी त्या दोघी कॅम्पसच्या बसमध्ये चढल्या तेव्हा बघण्यासारखं दृश्य होतं. एकीच्या हातात बाबागाडी, दुसरीच्या दोन्ही हातांत एकात एक न बसणाऱ्या बादल्या, आणि उरलेल्या बादल्या दोरीने बांधून बाबागाडीच्या मुठीला लटकवलेल्या. ड्रायव्हरने विचारलं, "घर बदलताय?"

"कोंबड्यांचं," हिमानी म्हणाली. बसमधले दोघे-तिघे विद्यार्थी उठले आणि बादल्या आत चढवायला लागले.

रेणूने बादल्या बाथटबमध्ये गरम पाण्याने घासल्या, उन्हात वाळवल्या. जाड कटरने तळ कापला, पण पूर्ण नाही. खालच्या बाजूला चार बोटं पट्टी ठेवली, म्हणजे पेंढा आणि अंडं बाहेर घरंगळणार नाही. कापलेली कड बोटाला लागेल इतकी धारदार होती, ती पॉलिश पेपरने घासली आणि वरून चिकटपट्टी लावली. शाळेत मुलांना ती हेच सांगायची, आधी कड घासा, मग बाकीचं. स्वतःचा तो स्वर तिला इतक्या दिवसांनी ऐकू आला.

बादल्या बसवायला खुराड्याच्या भिंतीच्या फळ्या काढाव्या लागणार होत्या. न विचारता कशा काढायच्या? मार्ज आता रिहॅब सेंटरमध्ये होती, ऑपरेशननंतर पुन्हा चालायला शिकवतात तिथे. रेणूने फोन केला, नर्सने मार्जला चाकाच्या खुर्चीतून फोनपाशी आणलं. मार्जचा आवाज तिला ओळखूच येईना, इतका तो सपाट झाला होता.

"काढ हव्या तेवढ्या. ते वॉल्टरने बांधलंय. त्याला सरळ असं काही जमायचंच नाही. तुझ्याने त्यात बिघडण्यासारखं काही राहिलेलं नाही." मग थांबून म्हणाली, "पण कशाला इतका त्रास घेतेस, मुली? ग्लेन नेणार आहे त्यांना."

निमिषने रविवारी ड्रिलने फळीला बादल्या पक्क्या केल्या. कमरेच्या उंचीवर, ओळीने. झाकणं बाहेर, तोंडं आत. आतल्या बाजूला कोंबड्यांना उडी मारून टेकायला एक आडवी काठी. झाकणांना बाहेरून छोटे आकडे, कारण त्या भागात रॅकून नावाचे चोरटे प्राणी फार, आणि रॅकूनला झाकण उघडायला शिकवावं लागत नाही. काम झालं तेव्हा निमिष मागे सरून उभा राहिला आणि म्हणाला, "दिसतंय मात्र मस्त. एखाद्या पोस्ट ऑफिसातल्या खणांसारखं."

रेणूने प्रत्येक बादलीत पेंढा घातला आणि कोंबड्यांना हाक मारली.

कोंबड्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

*

अंडी मिळायची ती पोर्चखाली, कुंपणाच्या कोपऱ्यात, एकदा तर निमिषच्या बुटात. आणि बादल्यांमध्ये काय, तर विष्ठा. अंधार पडला की सगळ्या कोंबड्या बादल्यांत शिरून झोपायच्या आणि सकाळी सगळा पेंढा घाण. रेणू रोज सकाळी केयाला बाबागाडीत बसवून बादल्या साफ करायची आणि रोज वाटायचं, ग्लेन म्हणाला तेच खरं होणार.

दुसऱ्या आठवड्यात ती आणि निमिष रिहॅब सेंटरला गेले. मार्ज खिडकीकडे तोंड करून पडली होती. व्यायाम करून घेणारी मुलगी दारातच हलक्या आवाजात म्हणाली, "त्या उठतच नाहीत. स्वतःच्या पायांनी चालल्याशिवाय घरी सोडता येणार नाही, हे मी त्यांना सांगितलंय. तर म्हणतात, घरी काय आहे?"

रेणूने केयाला मार्जच्या शेजारी गादीवर ठेवलं. मार्जने बाळाच्या पोटावर हात ठेवला.

रेणूला धीर द्यायचा होता. काहीतरी चांगलं, मोठं बोलायचं होतं. त्याऐवजी तिच्या तोंडून रडकुंडीचा सूर निघाला.

"मिस मार्ज, मला काहीच जमत नाहीये. त्या डब्यांत अंडी घालत नाहीत, नुसत्या झोपतात आणि घाण करतात. बर्निस तर मला टोचते. काय करू?"

मार्ज खिडकीकडेच बघत म्हणाली, "त्यांची झोपायची काठी कुठे आहे?"

"होती तिथेच. खाली."

"आणि डबे?"

"वर. कमरेएवढे."

"मग त्या मूर्ख नाहीत." मार्जने मान वळवली. "कोंबडी सगळ्यात उंच जागी झोपते. डबे उंच केलेस तर काठी त्याहून उंच कर. झोपायची जागा वर, अंडी घालायची खाली."

"बरं. आणि अंडी का नाही घालत?"

"डब्यांत उजेड आहे?"

"हो, प्लास्टिक पांढरं आहे ना. छान उजेड येतो."

मार्ज आता कोपरावर रेलली होती. "तुला कुणी चौकात, भर उजेडात बाळंतपण कर म्हटलं असतं तर केलं असतंस?"

निमिष आधी हसला. मग रेणू. मार्जच्या ओठांचा कोपराही हलला.

"पडदे लाव त्यांना. अंधार हवा, आडोसा हवा. आणि गराजमध्ये वॉल्टरची गोल्फची बॅग आहे. एकेका डब्यात एकेक बॉल ठेव. कोंबडीला वाटतं, इथे आधी कुणीतरी घालून गेलंय, म्हणजे जागा सुरक्षित आहे."

"खरंच फसतात?"

"फसत नाहीत. विश्वास ठेवतात," मार्ज म्हणाली. "आणि मला फोन कर. काय झालं ते कळव."

"इथे खोलीत फोन आहे?"

"नाही. हॉलच्या टोकाला आहे." तिने दारात उभ्या असलेल्या व्यायामवाल्या मुलीकडे पाहिलं. "तिथवर मला जावं लागेल, असं दिसतंय."

*

बासमती तांदळाच्या रिकाम्या पिशव्या रेणूकडे साठल्या होत्या. चांगल्या जाड तागाच्या, चेन लावलेल्या, टाकवत नाहीत अशा. तिने त्या उसवून पडदे कापले, मधोमध चीर दिली आणि बादल्यांच्या आतल्या तोंडांवर ठोकले. पांढऱ्या प्लास्टिकला बाहेरून गडद रंग दिला. झोपायची काठी छताजवळ नेली. वॉल्टरच्या बॅगेतले गोल्फचे बॉल, ज्यांवर वर्षानुवर्षांचे ओरखडे होते, ते पेंढ्यात बसवले.

पहिल्या रात्रीनंतर बादल्या स्वच्छ निघाल्या. रेणूने फोन केला. मार्ज फोनपर्यंत आली होती, धापा टाकत.

"वर झोपल्या!"

"म्हटलं होतं ना. उद्या कर परत."

दुसऱ्या दिवशी बर्निस पडद्यातून आत डोकावली आणि मागे फिरली. हेही रेणूने कळवलं. त्यानंतर एका कोंबडीने आत जाऊन पेंढा उकरला. तेही कळवलं. मार्ज रोज हॉलच्या टोकापर्यंत चालत येत होती आणि रोज धाप कमी लागत होती. कोंबड्यांच्या प्रगतीला मात्र काही घाई नव्हती, आणि ग्लेन येण्याचा दिवस तोंडावर आला होता.

शुक्रवारी सकाळी रेणूने सवयीने पहिलं झाकण उचललं. रिकामं. दुसरं उचललं. रिकामं. तिसरं उचललं तर समोर एका कोंबडीची पाठ, पिसं फुगवलेली, आणि घशातून येणारी एक संथ, नाराज कुरकुर. रेणूने झाकण हलकेच सोडून दिलं आणि खाली गवतावर बसून राहिली. केया बाबागाडीत पाय झाडत होती. थोड्या वेळाने आतून जो काही आरडाओरडा सुरू झाला, तो ऐकून शेजारच्या घरातला कुत्राही भुंकायला लागला. रेणूने झाकण उचललं. गोल्फच्या बॉलला लागून, पेंढ्यात, एक तपकिरी, ऊन ऊन अंडं.

तिने ते दोन्ही हातांत घेतलं. अमरावतीच्या घरात कधीही न आलेली वस्तू, आणि तिला ते खाली ठेववेना.

दुपारी तिने हिमानीला गाठलं, हिमानीने मॉलीची गाडी मागून घेतली आणि अंडं रुमालात गुंडाळून दोघी रिहॅब सेंटरला गेल्या. मार्ज खुर्चीत बसली होती, केस विंचरलेले. तिने अंडं हातात घेतलं, उजेडात फिरवून पाहिलं.

"एथेलचं. टोकाला ठिपके आहेत, बघ." मग तिने ते गालाला लावलं. हिमानी उगाचच खिडकीबाहेर बघायला लागली.

*

शनिवारी ग्लेन आला तो ट्रकमध्ये पिंजरे घेऊनच. रेणू त्याची वाट पाहत खुराड्यापाशी उभी होती. तिने रिहॅब सेंटरमधून एक वॉकर उसना आणून ठेवला होता.

"हा धरा," ती म्हणाली.

"मी?"

"हो. समजा, तुम्हीच तुमची आई आहात. चला."

ग्लेनने वॉकर धरला. त्याच्या उंचीला तो फारच ठेंगणा होता, त्यामुळे तो खरंच म्हाताऱ्यासारखा वाकून चालायला लागला. निमिषने पायवाटेवर गराजमधल्या जुन्या रबरी चटया अंथरल्या होत्या, त्यामुळे वॉकर चिखलात रुतला नाही. ग्लेन भिंतीपाशी पोचला. वॉकरवरचा एक हात सोडला, आकडा काढला, झाकण उचललं, आत हात घातला. दोन अंडी होती. ती त्याने वॉकरला बांधलेल्या टोपलीत ठेवली. झाकण आपोआप बंद झालं. पुढचं झाकण उचललं तर बर्निसने त्याच्या बोटाला कडकडून टोच मारली.

"आई गं!" तो ओरडला, अर्थात इंग्रजीत, आणि मग मोठ्याने हसला. रेणूने त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

तो बराच वेळ झाकणं उघडत-मिटत राहिला.

"हे तुम्ही मांजराच्या वाळूच्या बादल्यांपासून केलंत?"

"आणि तांदळाच्या पिशव्यांपासून," निमिष म्हणाला.

ग्लेनने ट्रककडे पाहिलं, पिंजऱ्यांकडे पाहिलं. "त्या शेतकऱ्याला मी फोन करतो," तो म्हणाला. "सांगतो, कोंबड्यांची सोय झाली."

*

मे महिना अर्धा सरला होता, डॉगवूडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती, तेव्हा मार्ज घरी आली. ग्लेनने तिला गाडीतून उतरवलं आणि घराच्या दाराकडे नेऊ लागला. मार्जने वॉकर सरळ मागच्या अंगणाकडे वळवला.

सगळे मागे थांबले. मार्ज रबरी चटयांवरून एकेक पाऊल टाकत भिंतीपाशी गेली. झाकणांच्या ओळीवरून तिने तळहात फिरवला. मग एक झाकण उचललं आणि आत वाकून नव्हे, सरळ उभ्यानेच बघून म्हणाली, "बर्निस, बाई, कशी आहेस?" आतून कुरकुर आली. मार्जने हात घालून कोंबडीखालचं अंडं असं काढलं, की बर्निसला पत्ताही लागला नाही. टोच मारायचं तर दूरच.

ग्लेन सामान आत न्यायला गेला. निमिष त्याच्यामागून गेला. मार्ज पोर्चमधल्या खुर्चीत बसली आणि रेणूने केयाला तिच्या मांडीवर दिलं.

"मी तुला काय म्हणू?" मार्ज म्हणाली. "मला वाटलं होतं, मी परत येईन ते घर आवरायला, विकायला. माझ्यासाठी एवढं कुणी…"

"मिस मार्ज, थांबा," रेणू म्हणाली. "आधी मी बोलते. आमच्याकडे एक शब्द आहे, बाळंतपण. म्हणजे मूल झालं की आई लेकीला माहेरी नेते. तिला गरम गरम खायला घालते, बाळाला न्हाऊमाखू घालते, तिला झोपू देते. तिला काही करू देत नाही. हे आईच करते. माझी आई येऊ शकली नाही. आणि तुम्ही…" तिने केयाचं झबलं सारखं केलं. "तुम्हाला तो शब्दही माहीत नव्हता. तरी तुम्ही सगळं केलंत. मी नुसतं थँक यू म्हणत राहिले. ते मला पुरत नव्हतं."

मार्ज केयाच्या मुठीतून आपलं बोट सोडवत नव्हती.

"वॉल्टर गेल्यावर मी वरचा मजला भाड्याने का दिला, माहितेय?" ती म्हणाली. "रात्री डोक्यावर कुणाची तरी पावलं वाजावीत म्हणून. आधीचे भाडेकरू भले होते, पण त्यांची पावलंच वाजायची नाहीत. तुम्ही आलात आणि वर भांडी पडायला लागली, फोडण्या तडतडायला लागल्या, मग बाळ रडायला लागलं. मी खाली अंथरुणात पडून ऐकायचे आणि देवाचे आभार मानायचे." तिने तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. "बा-ळं-त-पण."

"अगदी बरोबर."

"अवघड आहे."

"हो," रेणू म्हणाली, "अवघडच असतं," आणि दोघी हसल्या.

केयाला भूक लागली होती, ती कुरकुरायला लागली. रेणूने तिला घेतलं. आतून ग्लेन विचारत होता, की जेवायला काय मागवायचं. मार्जने ओरडून सांगितलं, की काही मागवायचं नाही, घरात अंडी आहेत. रेणू म्हणाली, मी वरून कांदा, मिरची आणि कोथिंबीर घेऊन येते. निमिष पोळ्या गरम करायला वर पळाला.